जी साब

लढाईत-सरावात बहिरे झालेल्या माजी सैनिकांना आमची संस्था कानाचं मशीन देते. मी तिचा अध्यक्ष, निवृत्त सुभेदार. हवालदार धर्मपाल वारले, म्हणून त्यांचं मशीन परत घ्यायला बाभुळगावला गेलो. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. त्यांच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, ते पदराने पुसून दिलं. उघडलं तर आत सेलच नाही.

"सेल कधी संपला?"

"तीन वर्सं झाले. पुन्हा कोनी आनून देल्लाच नाही."

मी उखडलोच. "दर वर्षी मी स्वतः येऊन विचारत होतो, ऐकू येतं का! ते 'जी साब' म्हणायचे!"

"तुमचे ओठ हालले का ते 'जी साब' म्हनत. मंग तुम्ही गेल्यावर मले पुसत, साब काय म्हनत होते वं?"