रिकामटेकडा खांब

मास्तरीणबाईंना चक्कर येते, हे घरात सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं होतं. त्या एकमतात फक्त मास्तरीणबाई नव्हत्या. वरच्या मजल्यावर शिवणाचे वर्ग घेण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि गेले सहा महिने त्या कानीकपाळी ओरडत होत्या, "अरे, मी नाही हलत, जमीन हलतेय!" मुलगा मायेने पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "असं वाटतं गं आई या वयात." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी झोप तेवढी झकास लागायची, जमीन मात्र हलायची ती हलायचीच.

शेवटी ठरलं. बाईंनी खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायचं, वर्ग बंद. पुढच्या रविवारी शिलाई मशीन न्यायला माणूस येणार होता. बाईंनी आपल्याच हातांनी मशीनवर चादर टाकली.

त्याआधी सोमवारी कापडं बेतायचं लांबलचक टेबल सोडवायला सुतार आला. पहिला स्क्रू काढून तो उठला, दोन पावलं चालला आणि गपकन भिंत धरून उभा राहिला.

"बाई, जरा पाणी द्या हो. गरगरतंय."

"तुम्हाला?" बाईंचे डोळे चमकले. "खरंच? अगदी शपथ?"

दुसऱ्याला चक्कर आल्याचा इतका आनंद आजवर कुणाला झाला नसेल.

सुतार मुरलेला होता. त्याने पाण्याचा पेला तसाच जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "बाई, उडी मारा."

"मी?"

"जमेल तेवढी."

अडुसष्टाव्या वर्षी बाईंनी कंबर कसली आणि उडी मारली. पाणी हिंदकळून बाहेर आलं. दुसरी मारली, पेलाच कलंडला. तिसरीची काही गरज नव्हती, तरी मारली.

"आई, खाली दिव्याची काच पडली!" सूनबाई ओरडली.

"पडू दे!" बाईही ओरडल्या.

सुतार धावत खाली गेला, मागोमाग बाई. छताखालच्या मोठ्या तुळईच्या कडेने त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. मधोमध तुळई चांगली दोन बोटं खाली वाकली होती.

"इथे खांब होता. फरशीवर खूण आहे. काढला कुणी?"

मुलगा नेमका तेव्हाच ऑफिसातून आला. "मी काढला. सहा महिने झाले. नवा सोफा बसेना. आणि तो नुसता मध्येच उभा होता हो, रिकामटेकडा!"

"रिकामटेकडा?" सुताराने कपाळाला हात लावला. "अहो साहेब, अख्खा वरचा मजला त्याच्यावर टेकला होता!"

बाई पोट धरधरून हसल्या. त्याच सोफ्यावर बसून हसल्या. मग मुलाचा चेहरा पाहून सासू-सुना पुन्हा हसल्या.

सोफा बाहेर गेला. फरशी फोडून काँक्रीटचा पाया ओतला, बाजूला जाड फळ्यांवर जॅक लावला. "एकदम उचललं तर भिंतींना तडे जातील," म्हणत सुतार रोज जॅकचा अर्धाच आटा फिरवायचा. बाई शेजारी उभ्या राहून "अजून! अजून!" करायच्या आणि तो त्यांना दटावायचा. शनिवारी तुळई दोरीच्या सरळ रेषेत आली आणि नवा खांब तिच्याखाली घट्ट बसला.

संध्याकाळी बाईंनी मुलाला वर बोलावलं. आज त्याची खरडपट्टी काढायचीच होती; शब्दसुद्धा ठरले होते.

"चालून दाखव," त्या म्हणाल्या.

तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाय आपटत चालला. मजला ढिम्म.

"मशीनवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलंय," तो मान खाली घालून म्हणाला. "आई, तू सांगत होतीस. मी ऐकलंच नाही."

ठरवलेले शब्द कुठल्या कुठे गेले.

"तुझं सोड रे," बाई म्हणाल्या. "शेवटी शेवटी मीसुद्धा माझं ऐकायचं सोडलं होतं."

आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं.