कडेपासून दोनशे

दिलेलं: भार चार टन. बोल्ट सहा, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. खांबापासून हुकापर्यंत दोनशे मिलिमीटर.

शोधायचं: कोपऱ्यातल्या बोल्टवर किती येतं.

जगनने हे गणित ऑगस्टात सोडवलेलं, ठाण्याच्या ऑफिसात. उत्तर सव्वादोन टनांच्या आत. एक बोल्ट अडीच टन घेतो. बसलं. साहेब रजेवर होते, म्हणून 'तपासणारा' या चौकटीतही त्यानेच सही ठोकली. स्वतःच्या नावाचं पहिलं ड्रॉइंग, साल अठ्ठ्याऐंशी.

आणि आता खंडेनवमीची दुपार. डोंबिवलीच्या कारखान्यात तो मान वर करून उभा. खांबावर ब्रॅकेट चढलेलं, टोकाला हूक, हुकाशेजारी विमलाबाईंचं टेबल, जिथे त्या दिवसभर पत्र्याचे तुकडे घासत बसतात. उद्या दसऱ्याला पहिल्यांदा डाय, पत्रा दाबायचा पोलादी साचा, उचलायची.

दोनशे.

दोनशे कुठून?

खांबाच्या कडेपासून. पण बोल्टांचा मध्य कडेपासून आणखी शंभर आत.

माप कारखान्याच्या फिटरने, गुणाजीने दिलेलं. फिटरची टेप कडेलाच अडकते. मध्याला तिला अडकायला काही नसतं. आणि गणित सुरू होतं मध्यापासून. भार मध्यातून गेला तर सहाही बोल्ट सारखा वाटून घेतात. बाहेर लटकला की तो नुसता खाली ओढत नाही, ब्रॅकेटच्या अख्ख्या पट्टीला पिळतो, आणि पीळ सगळ्यात जास्त बसतो तो कोपऱ्यात.

झेंडूच्या पुडीचा कागद. चार भागिले सहा, हे खाली. चार गुणिले तीनशे, हा पीळ. उत्तर जवळजवळ तीन टन. पुन्हा केलं. तीन. कागद उलटा करून पुन्हा.

तीनच.

उद्या तुटणार नव्हतं, हीच पंचाईत. पोलादात थोडी जास्तीची ताकद धरलेली असतेच. नारळ फुटेल, डाय उचलली जाईल, टाळ्या. मग रोज चाळीस वेळा उचलली जाईल. मग कधीतरी, एखाद्या मंगळवारी, विमलाबाई डबा उघडत असताना.

नाही सांगितलं तर कळणार कोणाला? कोणालाच नाही. तो दारापर्यंत गेला. परत आला.

"शेठ, उद्या उचलायचं नाही."

कारखान्याचे मालक बाबुराव हातात हळदकुंकवाचं ताट घेऊन उभे होते. "का रे? तुला मुहूर्त चालत नाही म्हणून आमचा पण बंद?"

"ब्रॅकेट कमी पडतंय."

"आज सांगतोस? गुण्या! माप तू दिलेलंस ना?"

गुणाजी पाटाजवळ बसलेला. पाटावर त्याची टेप, पाने, वेल्डिंगचा होल्डर, सगळ्यांना कुंकू लागलेलं. त्याने मान वर केली नाही. तीस वर्षांची नोकरी आणि कळव्याच्या खाडीकाठचं घर, दोन्ही त्या खाली गेलेल्या मानेत दिसत होती. जगनने नुसतं गप्प राहायचं होतं. एवढंच.

"माप बरोबर होतं," तो म्हणाला. "मी चुकीच्या जागेपासून धरलं. चूक माझी."

"साहेबांना फोन लावतो मग तुझ्या."

"लावा. आधी पट्टीला तीन बाजूंनी वेल्डिंग मारू. बोल्टांवर भरवसाच नको, सगळा भार वेल्डिंगवर."

"आज नाय," गुणाजी म्हणाला. "हत्यार मांडलंय, बाला. दसरा उजाडल्याबिगर हात लावाचा नाय."

"मग मी मारतो. मला कसली पूजा? आयटीआयला शिकलोय."

"तुझं वेल्डिंग बघितलंय मी. उंदरानं कुरतडल्यासारखं."

शेठना हसू आलं, मग ते आल्याचा राग आला. "मुहूर्त सव्वानऊचा आहे!"

"मुहूर्ताला होल्डर उचलू. तो पण हत्यारच हाय ना? हूक मागनं," गुणाजी म्हणाला.

दसरा. कळव्याच्या चाळीत रमाबाई पांढरी साडी नेसून दारात तयार. "अरे, विहारात सगळे जमले असतील."

"आई, तू पुढे हो. मी येतो."

"आजच्या दिवशी पण काम?"

पांढऱ्या शर्टातच तो डोंबिवलीला गेला.

गुणाजीने टेप ओढली, सवयीने खांबाच्या कडेला अडकवली. थांबला. सोडवून टोक जगनच्या हातात दिलं. "कुठं धराचा तो तूच धर."

जगनने बोल्टांच्या मध्यावर अंगठा दाबला. हुकापर्यंत तीनशे.

सव्वानऊला गुणाजीने होल्डर उचलला. ठिणग्या. जगनच्या बाहीला दोन भोकं पडली, तरी तो हलेना. प्रत्येक टाका गार झाला की काजळी पुसून बोट फिरवून बघायचा.

"देवाच्या मूर्तीला पण येवडा हात नाय लावत कोणी," गुणाजी म्हणाला.

साडेबाराला डाय जमिनीवरून सुटली. पट्टी जागची हलली नाही. टाळ्या. त्या गडबडीतच शेठनी साहेबांचा निरोप दिला, सोमवारी ड्रॉइंग घेऊन भेट. जगनने मान हलवली. नजर कोपऱ्यातल्या बोल्टवर.

"पुन्हा उचला."

उचलली.

"पुन्हा."

"अरे बाबा," विमलाबाई टेबलाला टेकून म्हणाल्या, "मी बसू कधी?"

"थांबा मावशी. अजून एकदा."