सतरा रिकामे रकाने

सकाळी साडेदहा वाजता, इस्पितळात रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या रकानेबाईंनी संगणक सुरू केला, चष्मा रुमालाने पुसला आणि रोजच्यासारख्या खोटे लिहायला बसल्या.

खोटे म्हणजे तीनच शब्द. ‘माहिती उपलब्ध नाही.’ माहिती उजव्या हाताच्या खणात, त्यांनी स्वतः लिहिलेल्या जाड वहीत होती.

हाडांच्या आतल्या मज्जेत रक्त तयार होते. ती मज्जाच आटत जाणाऱ्या मुलांचा हा विभाग. आजार असा विरळा, की एका इस्पितळाला वर्षात पाच-सहाच मुले दिसायची. म्हणून सरकारने बारा इस्पितळांना अनुदान दिले आणि अट घातली, की प्रत्येकाने आपल्या रुग्णांची माहिती एका सामायिक साठ्यात टाकावी. अनुदान बाराही जणांनी घेतले. माहितीच्या वेळी मात्र सगळ्यांनी हात आखडते घेतले. वय लिहायचे, तारीख लिहायची. औषध किती दिले आणि मूल जगले की गेले, हे रकाने आपला संशोधनाचा पेपर छापून येईपर्यंत त्या तीन शब्दांवर कोरे ठेवायचे. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. सासूने सुनेला वळण लावावे तसा तो एका विभागप्रमुखाने दुसऱ्याला शिकवला होता, आणि शिकलेसवरलेले लोक त्याला शिस्त म्हणत होते. शिस्त कसली, शुद्ध आप्पलपोटेपणा!

रकानेबाईंनीही चार वर्षे मान खाली घालून तेच केले होते. संमतीपत्रावर सही घेतानाही त्याच असत. आईजवळ स्टूल ओढून म्हणत, “तुमच्या लेकराचं जे झालं, ते दुसऱ्याच्या लेकराच्या उपयोगी पडेल.” त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून, मूल गमावलेल्या बायकांनीसुद्धा सह्या केल्या होत्या.

जेवणाचा डबा उघडला आणि धाकट्या बहिणीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात होती. तिची सहा वर्षांची मुलगी, घरात सगळे जिला बडबडी म्हणत, महिनाभर तापाने पडून होती.

“ताई, मज्जेचाच आजार निघाला गं. नवी मज्जा घालायची म्हणतात. पण आधी जुनी काढून टाकायला औषध द्यायचं. परवापासून, पूर्ण मात्रेत.”

“पूर्ण?” रकानेबाईंचा घास हातातच राहिला.

“डॉक्टरांनी त्या सामायिक साठ्यात बघितलं. अगदी हाच दोष असलेली सतरा मुलं सापडली, सगळी एकाच इस्पितळातली, पण पुढं सगळं कोरं! कुणा मेल्यानं रकानेच भरले नाहीत. तू तर याच कामात आहेस. ओळखतेस का त्याला?”

“ओळखते,” रकानेबाई म्हणाल्या. “फोन जवळ ठेव. मी कळवते.”

वही उघडायची गरजच नव्हती. पूर्ण मात्रा दिलेली अकरा मुले. त्यातली नऊ गेली. मग मोठ्या सरांनी मात्रा निम्मी केली. पुढच्या सहांपैकी पाच आज शाळेत जात होती.

मोठे सर, म्हणजे विभागप्रमुख, उद्या येणाऱ्या तपासणी समितीसाठी भाषण पाठ करत होते. विषय होता, ‘माहितीची देवाणघेवाण’. रकानेबाईंनी सगळे सांगितले.

“अहो, मग भाचीपुरतं तोंडी सांगून टाका ना,” सर हसून म्हणाले. “मी काय राक्षस आहे का? फक्त साठ्यात घालू नका. पेपर तयार होतोय.”

“चार वर्षं तयारच होतोय, सर.”

“चांगल्या कामाला वेळ लागतो. शिवाय रुग्णांची गुप्तता म्हणून काही असतं.”

“त्यात नाव कुठंय? नुसते क्रमांक आहेत.”

“मला शिकवू नका. भाची वाचतेय ना तुमची? मग झालं तर!”

सुटका समोर होती; एक फोन करायचा, डबा संपवायचा, उद्या पुन्हा तेच तीन शब्द लिहायचे. त्यांना स्वतःचीच किळस आली.

“ज्या पोरीची मावशी इथं नोकरीला नाही, सर, तिनं काय करायचं? मरायचं?”

“जिभेला आवर घाला. त्या वहीतलं अक्षर जरी बाहेर गेलं, तर उद्यापासून येऊ नका.”

“नाही येणार,” रकानेबाई म्हणाल्या.

जागेवर येऊन त्यांनी आधी बहिणीला फोन केला, “निम्मी मात्रा. डॉक्टरांना सांग, साठ्यात तासाभरात पुन्हा बघा.” मग वही काढून उघड्यावर ठेवली. पहिला क्रमांक, मात्रा पूर्ण, मूल गेले. दुसरा, मात्रा पूर्ण, गेले. दारात उभे राहून सर ओरडत होते, कुणाकुणाला फोन लावत होते. रकानेबाईंनी मान वर केली नाही. सतरावा रकाना भरून झाला तेव्हा त्यांनी बटण दाबले, आणि खणातली आपली कात्री, चष्म्याची पेटी, अर्धा डबा पिशवीत भरला.

जिन्यातच फोन वाजला. बडबडीचे डॉक्टर होते; नंबर बहिणीने दिला होता.

“बाई, नोंदी बघितल्या. निम्मीच मात्रा देतो. फार उपकार झाले.” ते थांबले. “मागच्या महिन्यात एका मुलासाठी मी हेच शोधलं होतं. तेव्हा सगळं कोरं होतं.”

रकानेबाईंनी कठडा धरला. “पूर्ण मात्रा दिलीत?”

“हो.”

“मग?”

“नवव्या दिवशी गेला.”

त्या पायरीवरच बसल्या. त्याच्या आईपुढेही कुणीतरी स्टूल ओढून तेच वाक्य म्हटले असेल. ते तीन शब्द कुणाच्या हातचे होते, हे त्या आईला कधी कळणार नव्हते. रकानेबाईंना मात्र कळले होते. त्यांनी विचारले, “डॉक्टर, त्याची नोंद साठ्यात केलीत का?”



“अजून नाही. म्हणजे... आमचाही एक पेपर चाललाय.”

“आत्ता करा,” रकानेबाई म्हणाल्या. “मी फोन धरून बसलेय.”