चौथ्या पायाखालची कार्डं

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं, त्याला आज सतरा दिवस झाले. पत्र उणंपुरं सहा ओळींचं. ‘सामानाच्या हलवाहलवीत यांची माशांची टाकी तडकली. मासे टबात ठेवलेत. मुलाच्या घरी जागा नाही. तू सांभाळशील का? महिनाअखेर घर सोडायचंय, तोवर कळलं नाही तर दुकानदाराला देऊन टाकीन. जमत नसेल तर तसं लिही, पण लिही.’

ते शेवटचे दोन शब्द तिच्या निवृत्त ग्रंथपाल भावाला झोंबले होते. मेहुणे आजारी असताना ताईची दोन पत्रं आली होती. काय लिहावं या घोळात हा बसला आणि तिकडे मेहुणे गेलेसुद्धा. ताईला फोनवर धड ऐकू येत नाही, आणि आलं असतं तरी याच्या तोंडून शब्द फुटला नसता. म्हणून या खेपेला त्याने ठरवलं, आधी टाकी उभी करायची, मग लिहायचं.

टाकी आली, लोखंडी स्टँड आला. पण खोलीची फरशी एका बाजूला उतरती. स्टँडचे तीन पाय जमिनीवर, चौथा अधांतरी. वाचनालयाने मोडीत काढलेली पुस्तकांची कार्डं त्याने जपून ठेवली होती. तीच पायाखाली सरकवली. दोन घाल, एक काढ, असं करत बेचाळीस कार्डांवर पाणसळीचा बुडबुडा मधोमध आला. मग न्हाणीघरातून दहा बादल्या पाणी वाहिलं. तासाभराने पाहतो तर पाणी डावीकडे काठाला टेकलेलं आणि उजवीकडे बोटभर खाली.

मगाने सगळं उपसलं. कार्डं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुन्हा लावली, पुन्हा दहा बादल्या. पुन्हा बोटभर. कंबर धरून तो खुर्चीत बसला. मासे दुकानात गेलेले बरे, असंही मनात येऊन गेलं. दारापर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला आणि शेवटी जिना उतरून तळमजल्यावरच्या सुताराला घेऊन आला.

सुताराने वाकून पाहिलं. “काका, हे काय घातलंय?”

“कार्डं. इतिहास विभागाची.”

“इतिहास दबला हो तुमचा! पुरता चेपलाय. दीडशे किलो वजन आहे हे, कागद काय तग धरणार?”

“रिकाम्या स्टँडवर पाणसळ बरोबर दाखवत होती.”

“रिकामा असताना सगळेच सरळ असतात. आणि एक जिना उतरून आधीच यायला काय झालं होतं? वीस बादल्या वाहिल्यात या वयात!”

“तुम्ही कामात असाल, असं वाटलं.”

“मी मघापासून खाली विडी ओढत बसलोय. वरून तुमच्या बादल्यांचा आवाज येत होता, तो मोजत होतो.”

पाणी तिसऱ्यांदा उपसलं, ते दोघांनी मिळून. चारही पायांखाली जाड फळ्या आल्या, चौथ्या फळीखाली कठीण लाकडाची पाचर ठोकली गेली, टाकीच्या बुडाशी थर्माकोल. “आता थोडं भरायचं, पाणी बघायचं, मग पुढचं,” सुतार म्हणाला. चौथ्या बादलीला पाचरेवर आणखी दोन ठोके बसले. दहाव्या बादलीनंतर दोघंही पाण्याच्या रेषेवर नजर ठेवून बसले. तास गेला. पाणी हललं नाही.

“झालं,” सुतार उठला. “आता झोपा, काका.”

तो झोपला नाही. टेबलावर सतरा दिवसांत लिहिलेले तीन मसुदे होते, सगळे सबबींनी भरलेले. ते बाजूला सारून त्याने कोरा कागद घेतला. अक्षर वाकडं आलं.

‘ताई, टाकी उभी आहे. मासे घेऊन तूच ये. आधीच्या दोन पत्रांना काय उत्तर द्यायचं, ते मला अजूनही कळलेलं नाही. आलीस की समोर बसून सांगायचा प्रयत्न करीन. जमेलच असं नाही.’

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. पण पुन्हा लिहायला बसलो तर आजचा दिवसही जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. महिना संपायला नऊ दिवस होते, पत्राला तीन लागतात. तिकीट चिकटवलं, दुखरी कंबर सावरत कोपऱ्यापर्यंत गेला आणि पाकीट पेटीत टाकलं.