कोमट लस

तृप्तीला गावातल्या बाया 'डाक्टरीन' म्हणायच्या. ती काही डॉक्टर नव्हती. बारावी झालेली सून, नवरा अंकुश तुमसरला राईस मिलमध्ये कामाला, घरात ती आणि सासू तुळसाबाई. बचत गटाने तिला गावातल्या जनावरांना औषधपाणी करणारी पशुसखी म्हणून निवडलं, दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं, आणि ती गळ्यात ओळखपत्र अडकवून परत आली तेव्हा कुणीतरी हसत हसत तो शब्द तिला चिकटवला. तिने नको म्हटलं, पण वरवरच. शब्द तिला फार आवडला होता.

गाव लाखांदूरपासून एसटीने अर्ध्या तासावर. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि प्रत्येक घराच्या मागे पाच-सात कोंबड्या. पाहुणा आला की कोंबडी, बाळंतीण आली की अंडी, असा त्यांचा आधार. या कोंबड्यांवर उन्हाळ्याच्या तोंडी मानमोडी यायची. कोंबडी आधी मलूल व्हायची, हिरवं पातळ शिटायची, मग मान वाकडी करून जागच्या जागी गोल फिरायची आणि दोन-तीन दिवसांत आडवी व्हायची. रोग लागल्यावर औषध नाही. आधीच डोळ्यात लसीचा थेंब टाकला असेल तरच कोंबडी वाचते. तृप्तीने लागोपाठ दोन वर्षं लस दिली आणि दोन वर्षं गावात एकही कोंबडी मानमोडीने मेली नाही. तेव्हापासून बाया तिला वाटेत थांबवून बोलू लागल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी मार्च महिन्यात ती नेहमीप्रमाणे लाखांदूरला गेली. दवाखान्यातून लसीच्या कुप्या घेतल्या, बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवल्या, झाकण घट्ट लावलं आणि एसटी स्टँडवर आली. तिथे शाळेतली मैत्रीण प्रतिक्षा भेटली. तिचं नवीन घर जवळच होतं. "दहा मिनिटं ये ना वं," ती म्हणाली आणि तृप्ती तिच्या स्कूटीवर बसली.

दहा मिनिटांची दुपार झाली. प्रतिक्षाने घर दाखवलं, पोहे केले, चहा केला. शाळेत प्रतिक्षाचा नेहमी पहिला नंबर यायचा. आता ती ऐकत होती आणि तृप्ती सांगत होती. गावात आपल्याला काय म्हणतात, कुणाची शेळी कशी वाचवली, सरपंचांनी पंधरा ऑगस्टला कसं पुढच्या रांगेत बसवलं. थोडं वाढवूनही सांगितलं. थर्मासची पिशवी तेवढा वेळ अंगणात स्कूटीच्या हुकाला लटकत होती. आधी तिथे सावली होती, नंतर ऊन आलं. निघताना तृप्तीने पिशवी उचलली तेव्हा तिला आत पाणी डुचमळल्यासारखा आवाज आला. तिने तो ऐकला आणि ऐकला नाही असं केलं.

घरी येऊन झाकण उघडलं तर बर्फाचा एक खडासुद्धा उरला नव्हता. तिने बोट बुडवून पाहिलं. पाणी कोमट होतं. कुप्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन निघाल्या होत्या.

अशा वेळी काय करायचं ते तिला पाठ होतं. प्रशिक्षणात बाईंनी तीनदा सांगितलं होतं, बर्फ वितळला की लस फेकायची, विचार करत बसायचं नाही. पण संध्याकाळी बचत गटाच्या अध्यक्ष मंदाबाई दारावरून जाताना ओरडून गेल्या, "डाक्टरीन, साऱ्या गावाले सांगतलं वं मी! सकाळी कोनी कोंबड्या सोडत नाई." तृप्तीच्या तोंडून निघालं, "हो काकू, येतो मी सकाळीच."

शेजारच्या घरी फ्रीज होता. तिने तिथून बर्फ आणला, कुप्या पुन्हा त्यात ठेवल्या आणि स्वतःची समजूत घातली की इतक्या वेळात काही बिघडत नसेल. पहाटे उठून ती तेवीस घरं फिरली. खुराड्यातून बाया एकेक कोंबडी काढून देत होत्या आणि ती डोळ्यात थेंब टाकत होती. शेवटचं घर शकुबाईचं. म्हातारी एकटी राहायची. तिच्या चार कोंबड्यांना थेंब टाकून झाल्यावर तिने तृप्तीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लय पुण्याचं काम करतं माय तू."

एप्रिलमध्ये शकुबाई कारध्याला लेकीकडे जाऊन आली. येताना लेकीने एक तांबडा कोंबडा दिला होता. चौथ्या दिवशी तो कोंबडा मान वाकडी करून अंगणात फिरू लागला आणि संध्याकाळपर्यंत मेला. त्यानंतर शेजारच्या घरच्या, मग पलीकडच्या. आठवड्याभरात रोग गावभर पसरला. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की आत दोन-तीन पडलेल्याच असायच्या. तुळसाबाईंच्या नऊच्या नऊ गेल्या. त्यातली एक कवडी कोंबडी त्यांनी पिल्लापासून हातावर वाढवली होती. तिला पदरात घेऊन त्या ओट्यावर बसून राहिल्या.

तृप्ती दिवसभर धावत होती. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकू देत नव्हती, खोल खड्डा खणून वरून चुना टाकायला लावत होती. आजारी वेगळ्या डालग्याखाली ठेवा, बाजारात नेऊ नका, एकमेकींच्या खुराड्यात जाऊ नका, हे घरोघर सांगत होती. बाया तिचं ऐकत होत्या. "बिचारी जेवली बी नसन," असं म्हणत कुणी भाकरी पुढे करायचं. ती भाकरी ती पदरात बांधून घ्यायची आणि पुढच्या घरी जायची.

शकुबाईच्या अंगणात खड्डा बुजवताना पाच-सहा बाया जमल्या होत्या. मंदाबाईंनी विचारलं, "डाक्टरीन, तू तं लस देल्ली होती ना? मंग कशा मेल्या ह्या?"

त्यांनी काही वाईट भावाने विचारलं नव्हतं. तृप्तीच्या हातात फावडं होतं. खरं बोलायला एवढी सरळ संधी पुन्हा येणार नव्हती. ती म्हणाली, "लस देल्ली होती काकू. पन बाहेरून एवढा जोराचा रोग आनला कोनी, तं लस बी काय करन?"

नाव तिने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्यांनी शकुबाईकडे पाहिलं. म्हातारी दारात उभी होती. तिने मान खाली घातली आणि आत गेली.

त्या दिवसापासून गावाने शकुबाईला वाळीतच टाकल्यासारखं केलं. बोअरवेलवर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. एका सकाळी तिच्या दारात कुणीतरी मेलेला कोंबडा फेकून गेलं. मग म्हातारी भर दुपारी, बोअरवेलवर कुणी नसताना, उन्हात पाण्याला जाऊ लागली. तृप्तीचा रस्ता तिच्या घरावरूनच होता. ती रोज दुसऱ्या बाजूला पाहत तिथून जायची.

एकदा चुलीपाशी बसल्या बसल्या तुळसाबाई शकुबाईला शिव्या घालत होत्या. तृप्तीला ते ऐकवेना. तिने सासूला सगळं सांगून टाकलं. स्कूटी, ऊन, कोमट पाणी, सगळं. तुळसाबाई चुलीपासून उठल्या. मग त्यांनी हळूच दार लोटून घेतलं.

"हे आनखी कोनाले सांगतलं?"

"कोनाले नाई."

"मंग सांगू बी नको. झालं थे झालं. सांगून कोंबड्या वापस येनार हायेत काय? घराची अब्रू जाईन."

"पन आई, शकु आजी..."

"थे बुढी हाय. दोन महिन्यानं लोक विसरतीन." असं म्हणताना त्यांनी तृप्तीकडे पाहिलं नाही. त्यानंतर शकुबाईला शिव्या मात्र त्यांनी पुन्हा कधी दिल्या नाहीत.

तृप्तीने कुणालाच सांगितलं नाही. आणखी आठ दिवस गेले. मग एका सकाळी शकुबाई स्वतःच तिच्या अंगणात आली. काखेत एक काळी कोंबडी होती. तिच्या चारांतली तेवढी एकच वाचली होती.

"घे माय," ती म्हणाली. "हिले तू मारून गाडून टाक. माह्या हातानं होत नाई."

"काहून आजी? हे तं चांगली हाय."

"चांगली हाय, पन माह्या घरची हाय ना. हिच्यात बी रोग असन लपून. आज गटाची बैठक हाय म्हनते, माह्यावर बोलनार हायेत. त्याच्या आधीच संपवून टाक. माह्यामुळं एवढ्या लेकरावानी कोंबड्या गेल्या गावाच्या. मले झोप नाई लागत."

तृप्तीने कोंबडीला हात लावला नाही. तिला म्हातारीच्या पायाकडे पाहण्यापलीकडे काही जमत नव्हतं. पायात चप्पल नव्हती. "आजी, हिले घरी ने," ती कशीबशी म्हणाली. "आन बैठकीले ये तू. येजो नक्की."

बैठक मंदाबाईंच्या अंगणात होती. वीसेक बाया होत्या. शकुबाई कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. शकुबाईने यापुढे कोंबड्या पाळायच्या नाहीत, असं मंदाबाई बोलायला लागल्या तोच तृप्ती उभी राहिली. तुळसाबाईंनी तिचा पदर ओढला. ती बसली नाही.

"काकू, थांबा. दोष आजीचा नाई. लस खराब झाली होती. माह्या हातानं."

मग तिने सांगितलं. मैत्रिणीच्या घरी किती वेळ बसली तेही सांगितलं आणि का बसली तेही. पाण्यात बोट बुडवल्याचंही सांगितलं. "मले त्याच संध्याकाळी माहीत होतं," ती म्हणाली. "कोंबडा रोग घेऊन आला असन, पन लस चांगली असती तं बाकीच्या वाचल्या असत्या. अन् खड्ड्यापाशी तुमी विचारलं तवा मी आजीवर ढकललं. जानून ढकललं."

तुळसाबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता. सत्यभामाबाईंची लेक बाळंतपणाला यायची होती, तिच्यासाठी ठेवलेल्या अकरा कोंबड्या गेल्या होत्या. त्या उठल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. त्यांच्या मागे आणखी दोघी गेल्या. मंदाबाईंनी गटाची वही मिटून ठेवली. मग म्हणाल्या, "आमी तुले डाक्टरीन म्हनत होतो वं." एवढंच. त्यानंतर तो शब्द गावात तिने कधी ऐकला नाही.

तृप्ती शकुबाईजवळ गेली, वाकली. म्हातारीने पाय आत ओढून घेतले.

"पाया नको पडू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पंधरा दिवस मी उन्हात पान्याले गेलो. माह्या दारावर मेलेला कोंबडा टाकला लोकायनं. अन् तू रोज माह्या घरावरून जात होती. रोज." मग कोंबडी छातीशी धरून ती उठली आणि घरी गेली. या वेळी बाया तिच्यासाठी वाट सोडून बाजूला झाल्या, पण त्यांच्यातल्या एकीलाही मान वर करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी तृप्तीने ओळखपत्र नेऊन मंदाबाईंपुढे ठेवलं. मंदाबाईंनी ते परत सारलं. "सोडून पळतं काय? मंग लस कोन आनन? करशीन, पन आता एकटी नाई." खुराडी खरवडून चुना मारायचा, दीड महिना नवी कोंबडी आणायची नाही, असं ठरलं. खुराड्यांचं काम प्रत्येक घरी जाऊन तृप्तीने स्वतः केलं. काही घरांत बायांनी फावडं दिलं आणि आत निघून गेल्या. काही घरांत पाणीही कुणी विचारलं नाही. ती करत राहिली.

पावसाळ्यात पुढची लस आली तेव्हा मंदाबाई आणि आणखी एकजण तिच्याबरोबर लाखांदूरला गेल्या. परतल्यावर मंदाबाईंनी चौकात सगळ्यांसमोर थर्मास उघडून बर्फ दाखवला. तृप्ती शेजारी उभी होती. आपल्यावर भरवसा नाही म्हणून हे चाललंय हे तिला कळत होतं आणि ते बरोबर आहे हेही कळत होतं. सकाळी तेवीसपैकी अकरा घरांनी कोंबड्या पुढे केल्या. सत्यभामाबाईंचं दार बंद होतं.

शकुबाई काळी कोंबडी घेऊन अंगणात उभी होती. तिने स्वतः कोंबडीची मान घट्ट धरली. तृप्ती म्हणाली, "आजी, माह्यं चुकलं."

"थेंब टाक," शकुबाई म्हणाली. "कोंबडी तडफडून राहिली."

तृप्तीने थेंब टाकला.

दिवाळीच्या सुमारास त्या कोंबडीखालून नऊ पिल्लं निघाली. ती जरा मोठी झाल्यावर शकुबाईने ज्यांची खुराडी रिकामी होती त्यांना एकेक वाटलं. एक सत्यभामाबाईंना दिलं. तुळसाबाईंसाठीही एक आणलं, पण ती आत आली नाही. दारातूनच हाक मारली, पिल्लू त्यांच्या ओंजळीत ठेवलं आणि दोन शब्द बोलून निघाली. तृप्ती आत चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. उठून बाहेर जावं असं तिला फार वाटलं, पण म्हातारी फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती जागची उठली नाही.