पहिल्या धारेचं दूध

परीक्षानळीत सायीचा थर तीन मिलिमीटर होता. खालचं दूध पांढरं आणि थर जांभळट निळा. नळी मी खिडकीसमोर धरली, मग पांढऱ्या कागदासमोर, मग पुन्हा खिडकीसमोर. दुधात टाकलेल्या निळ्या द्रावाचा रंग सगळीकडे पसरून राहिला, तर काळजी नाही. तो वर सायीत गोळा झाला, तर गाईला संसर्ग असल्याचा संशय घ्यायचा. धुळ्याच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं मी जनावरांच्या अशा नळ्या वाचते आहे. ही नळी आमच्या घरच्या गाईची, चांदीची होती. चौदा महिन्यांतली तिसरी. तिन्ही वेळा सायीचं निळं कडं तसंच.

रोगाचं नाव ब्रुसेलोसिस. गाय बहुधा एकदा गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो, पुढे नीट विते, अंगानं चांगली दिसते आणि दुधातून जंतू देत राहते. दूध उकळलं की जंतू मरतात. उपाय एवढा साधा आहे, की माझ्या सासूबाईंना तो अपमान वाटतो.

शिंदखेड्याहून अकरा किलोमीटरवर आमचं गाव. म्हशींचं दूध डेअरीला जातं, उरलेलं चहाला लागतं. गाईचं मात्र विकायचं नाही आणि चुलीवरही ठेवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यातली पहिली धार गल्लीतल्या पोटुशी बाईची. तिनं सकाळी अनशापोटी गोठ्यात यायचं, उगवतीकडे तोंड करून पाटावर बसायचं आणि दूध कोमट आहे तोवर पितळी पेला रिकामा करायचा. पेला खाली ठेवेपर्यंत गोठ्यात कुणी बोलायचं नाही. प्रमिलाबाई, माझ्या सासूबाई, चाळीस वर्षं हे करत आल्या आहेत. एक पैसा घेत नाहीत. ज्यांना पाजलं त्यांची नावं त्यांना ओळीनं पाठ आहेत. माझं नाव त्या गाळतात.

मीही प्यायले, पाच महिने. मला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. एकदा चरवी उचलून गॅसकडे नेली, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि दूध मोरीत ओतलं.

"उकाळं का दूध मरी जास. पोटमाना पोरले मुडदानं दूध पाजशी का?"

त्यानंतर मी गुपचूप पाटावर बसत गेले. त्याच हिवाळ्यात चांदी सातव्या महिन्यात गाभडली. पडलेला गर्भ, वार, सगळं सासूबाईंनी नुसत्या हातांनी उचललं, आणि तिसऱ्या आठवड्यात मला संध्याकाळचा ताप यायला लागला. मग कंबर, मग गुडघे. पाचवा महिना सरता सरता माझं बाळ गेलं. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी सासूबाई ओट्यावर शेजारच्या बेबाबाईंना सांगत होत्या, "चांदीना मांगे आमनी सून बी गाभडनी." आवाज त्यांनी खाली घेतला नाही.

माझं रक्त मीच तपासायला दिलं. त्यात तोच रोग निघाला. योगराजच्या, माझ्या नवऱ्याच्या, रक्तातही. तोही रोज पेलाभर कच्चं दूध पितो. मी सहा आठवडे औषध घेतलं. त्याला तीन आठवड्यांत बरं वाटलं, त्यानं गोळ्या सोडल्या आणि दूध पुन्हा धरलं.

"आईला यातलं काही कळता कामा नये," तो म्हणाला होता. "चाळीस वर्षं तिनं बायांना पाजलंय. तिला तू खुनी ठरवणार?"

"मी कुणाला काही ठरवत नाही. गुरांच्या दवाखान्याला कळवायला हवं."

"म्हणजे गावाला कळवायला हवं. तेच ना?"

अर्ज मी टाइप केला. तारखेची जागा कोरी ठेवली आणि तो पर्समध्ये, बसच्या पासमागे, घडी करून ठेवला. गल्लीत तेव्हा कुणी पोटुशी नव्हतं. त्यामुळे माझ्या गप्प बसण्याला वर्षभर समंजसपणा म्हणता आलं. मी स्वतःसाठी फक्त एवढं केलं, की दूध पिणं सोडलं. पोट बिघडतं असं कारण सांगितलं.

आणि गेल्या बुधवारी बेबाबाईंची सारिका जामनेरहून माहेरी आली. चौथा महिना. पहिलटकरीण. रविवारपासून तिला पहिली धार सुरू होणार, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. गुरुवारी मी तिसरी नळी लावली.

शनिवारी संध्याकाळी योगराजला निकाल सांगितला. तो बाजेवर गुडघ्याला मलम चोळत होता.

"पुन्हा तपासलंस? घरात राहून घरावरच पाळत?"

"सारिकाला सांगावं लागेल."

"तिला सांग, पोट बिघडेल म्हणून. तुझं बिघडतं ना?" तो हसला, मग हसू पुसून म्हणाला, "दिपमाला, एक ऐकून ठेव. या घरात राहायचं असेल तर ती नळी धुळ्यात ठेवून येत जा."

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आधी पातेलं धुतलं. मग गोठ्यात गेले. सासूबाई चांदीची कास धूत होत्या. सारिका दारात उभी होती, केस ओले, हातात नारळ. मागे बेबाबाई.

"आई, सारिकाचं दूध मी उकळून देते," मी म्हणाले. "पहिली धारच देते. फक्त एक उकळी आणते."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "बेबा, आयकं का? आमनी मास्तरीणनी शाळा भरनी."

बेबाबाई हसल्या. "अवं दिपा, डाक्टर बी सांगतस, दूध पे, दूध पे. तू काय डाक्टरपेक्षा मोठी शे का?"

"मीही पी म्हणते, मावशी. दूध चांगलंच आहे. उकळून चांगलं आहे."

"मना चार पोरं हाई दूध पीसन जगनात," सासूबाई म्हणाल्या. "चौघं कशा शेतस, दख जाय. बठ्ठी गल्ली मना हातनं पीसन बाळंत व्हयनी."

"तेव्हाच्या गाई निरोगी असतील. ही गाय एकदा गाभडली आहे."

"गायनं नाव घेऊ नको!" आता त्यांनी मान वर केली. "ती गाभडनी, पन दुसरे साल वासरू दिधं तिनी. तू काय दिधं?"

चांदीनं शेपटी झटकली. दारात योगराज येऊन उभा होता, दात घासायचा ब्रश हातात. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं नाही.

"दिपमाला, आत ये," तो म्हणाला. "चहा टाक."

"वहिनी," सारिकानं मध्येच विचारलं, "तुम्ही का नाही पीत मग?"

प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं. मी योगराजकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनी नाही म्हटलं.

"तिले पचत नही," सासूबाईंनीच सांगून टाकलं. "दूध पचाले बी नशीब लागस. बस बेटा, पाटवर बस. उगवतीकडे तोंड कर. आनि तू," हे माझ्यासाठी, "वांझोटी सावली नको पाडू पोरवर. मांगे व्हय."

मी मागे झाले. खरंच झाले, दोन पावलं, गव्हाणीला पाठ टेकेपर्यंत. इतक्या दिवसांची सवय पायांत असते.

सासूबाईंनी पेला आचळाखाली धरला. पहिली धार पितळेवर वाजली, मग फेसात मुकी झाली. पेला भरायला मिनिटसुद्धा लागलं नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी सारिकाला दिला. देताना त्यांचा चेहरा मऊ झाला होता. तो चेहरा मी पाच महिने रोज पाहिला होता. त्यात कपट कधीच नव्हतं. मी वर्षभर गप्प बसले ते याच चेहऱ्यामुळे, आणि याच चेहऱ्यावर माझा सगळ्यात जास्त राग होता.

सारिकानं पेला घेतला. बेबाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे एक नजर फिरवली. आता पेला खाली येईपर्यंत बोलायचं नव्हतं. योगराजनं तोंडातला फेससुद्धा थुंकला नाही.

पेल्यावरून वाफ निघत होती, अगदी पातळ. सारिकानं डोळे मिटले आणि पेला ओठांकडे नेला. मला तिच्या बोटातली नवी अंगठी दिसली, आणि पेल्याच्या काठाला लागलेला फेस.

"सारिका, पिऊ नकोस."

पेला ओठांपाशी थांबला. बेबाबाईंच्या तोंडून "अगं माय" निघालं. सासूबाई उठल्या, पण कमरेनं त्यांना अर्ध्यावरच धरलं. ती कंबर वर्षभर दुखते आहे, आणि का दुखत असावी हेही मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"दिपमाला!" योगराज ओरडला.

मी पर्स आणली नव्हती. अर्ज खोलीत, खुंटीवर होता. पण त्यातला मजकूर मला पाठ होता, सासूबाईंना बायांची नावं पाठ आहेत तसा.

"मी हे दूध पाच महिने प्यायले," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा खालचा होता, पण गोठ्यात दुसरा आवाजच नव्हता. "चांदीला जो रोग आहे तोच माझ्या रक्तात निघाला. माझं बाळ त्यानंच गेलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्यानं जाऊ शकतं, आणि तुझंही जाऊ शकतं. यांच्याही रक्तात तो आहे. यांना चौदा महिने माहीत आहे. मलाही. आई, तुम्हाला माहीत नव्हतं. तुमचा दोष तेवढाच कमी आहे आणि आमचा तेवढाच जास्त. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं मी शिंदखेड्याला गुरांच्या दवाखान्यात जाते आहे. चांदीचं नाव, माझं नाव आणि या घराचं नाव घालून लेखी देणार आहे."