बिरप्पाचा दम

ओवीची ओळ कितीही लांब असो, बिरप्पा ती एका दमात पार न्यायचा. नातेपुत्याजवळच्या त्या गावात बिरोबाच्या जत्रेला ढोल थांबले की माणसं त्याच्यासाठी मांडी ठोकून बसत. त्याला याचा गर्व होता आणि तो लपवायचा त्याला कंटाळा होता.

बहात्तरच्या दुष्काळात त्याची मेंढरं गेली. पुढं पाऊस परतला, शिवारात हायब्रीड ज्वारी आली, ज्वारीमागून कीड आली आणि किडीमागून बिरप्पाला काम आलं. पावडर मारायचं यंत्र छातीला बांधायचं, दांडा फिरवायचा आणि पांढऱ्या धुरळ्यातून दिवसभर चालायचं. बाकीचे गडी तोंडाला फडकं बांधत. बिरप्पा म्हणे, मुसकं मळणीच्या बैलाला शोभतं, देवाची ओवी म्हणणाऱ्या तोंडाला नाही. त्याची बायको गोजाबाई रोज भाकरीबरोबर धुतलेलं फडकं द्यायची आणि संध्याकाळी ते घडीही न मोडता परत यायचं. तिनं सांगून पाहिलं, भांडून पाहिलं. तीन पावसाळे हा गडी काही बधला नाही.

मग खोकला लागला. छातीत घरघर सुरू झाली. माळाचा चढ चढताना तो दोनदा बसायला लागला, तेव्हा गोजाबाईनं त्याला नातेपुत्याच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. पावडरीनं फुप्फुसं धरलीत, ते म्हणाले. आजच काम सोडलं तर आहे तो दम टिकेल, गेलेला सगळा परत येईलच असं नाही. बिरप्पानं त्याच दिवशी यंत्र मालकाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

मेव्हण्यानं दहा मेंढरं वाट्यानं राखायला दिली. बिरप्पा पुन्हा माळावर गेला आणि खरं सांगायचं तर सुखावला. भूक लागायला लागली, झोप यायला लागली, खोकलाही उतरला. पण ओवी म्हणून बघितली की लांब ओळ मध्येच तुटायची.

ओवीची रीत कडक होती. म्होरक्यानं ओळ पुरी करायची, मग मागं बसलेल्या झिलकऱ्यांनी तिचं शेपूट उचलायचं, म्हणजे झील धरायची. ओळ अर्धवट असताना झिलकरी तोंड उघडत नसत. जत्रेच्या सकाळी बिरप्पा बायकोला म्हणाला, "आज देवाम्होरं वळ मोडली, तर म्या पुन्यांदा ओवीला बसणार न्हाय."

गोजाबाईनं वाटेसाठी भाकरी बांधून घेतली.

दुपारी ढोल थांबले. पहिल्या तीन ओळी आखूड होत्या, निभावल्या. चौथी देवाच्या जन्माची, सगळ्यांत लांब. निम्म्यात त्याचा श्वास संपला. तोंड उघडं, आवाज नाही. झिलकरी खाली मान घालून थांबले. त्यांच्यातला म्हातारा सिद्धप्पा कानाला हात लावून वाट बघत होता.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून ओळ पुढं सुरू झाली. गोजाबाई म्हणत होती. वीस वर्षं मेंढरांमागं त्याची ओवी ऐकून तिला शब्दन् शब्द पाठ होता. तिनं ओळ सावकाश शेवटापर्यंत नेली आणि थांबली.

झिलकरी एकमेकांकडं बघायला लागले. बाईच्या ओळीला झील कुणी कधी धरली नव्हती. बिरप्पाचा श्वास आता परतला होता. त्याला ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणता आली असती. त्यानं तसं केलं नाही. त्यानं गोजाबाईच्या ओळीचं शेपूट उचललं. मग सिद्धप्पानं धरलं, मग सगळ्यांनी. गोजाबाईनं पदर सावरला आणि पाचवी ओळ सुरू केली.

जत्रा उरकून दोघं मेंढरांकडं निघाले. तिला वाटलं, हा आता रागावणार.

"म्होरल्या साली बायकांत नगं बसू," तो म्हणाला. "माज्या म्होरं येऊन बस. झील धराया मला नीट ऐकू याय पायजे."

"आन् तुमी झील धरणार?"

"तेवढा दम हाय की माज्यात."

चढ आला तशी गोजाबाईनं चाल कमी केली. तोही तिच्याबरोबरीनं सावकाश चढला.